याकूबचाचांचं मेलबर्न

याकूबचाचांच्या दुकानात भिंतीवरचं घड्याळ आठ तास पुढे असायचं. दोह्याच्या नजमा भागातल्या त्या गल्लीत, जिथे खालच्या मजल्यावर कॅफेटेरिया आणि वर दहा-दहा माणसांच्या खोल्या, तिथे हे दुकान शोधतानाच माणूस हैराण व्हायचा. सकाळी दहाला पँटची लांबी कमी करायला आत शिरावं, तर समोर संध्याकाळचे सहा. नवीन गिऱ्हाईक आधी घड्याळाकडे बघायचं, मग आपल्या मनगटाकडे, आणि मग विचारायचं, दुकान बंद करताय का. चाचा मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "चालू हाय. ते मेलबर्नचं हाय." यापुढे खुलासा नाही. एप्रिल आला की स्टुलावर चढून ते काटा एक तास मागे घ्यायचे, ऑक्टोबर आला की पुन्हा पुढे. तिकडे आज वेळ बदलली, एवढंच म्हणायचे.

चाचा रत्नागिरीकडचे. कतारमध्ये पंचवीसेक वर्षं काढलेली, तीसुद्धा एकट्याने. बायको गावी. शर्टाच्या कॉलरमध्ये तीन रंगांच्या दोऱ्यांच्या तीन सुया कायम टोचलेल्या, गळ्यात इंची टेप. माणूस भलताच सभ्य. कंबरेचं माप वाढलेलं दिसलं तरी कधी 'जाड झालात' म्हणाले नाहीत. "कपडा आक्रसला, साहेब" म्हणायचे आणि शिवण उसवून दोन बोटं वाढवून द्यायचे. माझ्या बायकोचे, मेघनाचे, ब्लाउज आणि माझ्या लेकीचा, ईराचा, शाळेचा युनिफॉर्म, सगळं त्यांच्याचकडे. अल नस्रमध्ये आमच्या बिल्डिंगखाली दोन चकचकीत टेलर होते, पण त्यांना 'गळा जरा वर' म्हणजे काय हे हिंदीत समजावत बसावं लागे. चाचांशी मराठीत बोलता यायचं, हा आमचा स्वार्थ.

मेलबर्नला ते कधी गेले नव्हते. विमानाने त्यांनी केलेला प्रवास म्हणजे दोहा ते मुंबई आणि मुंबई ते दोहा. पण ते शहर त्यांना गिऱ्हाइकांच्या मापांसारखं पाठ होतं. मशीनच्या बाजूला, पेटीला टेकवून मोबाईल उभा केलेला, आणि त्यावर कुणीतरी मेलबर्नच्या रस्त्यांनी चालतानाचा व्हिडिओ. काज करताना, बटण लावताना डोळे अधूनमधून तिकडे. पस्तीस नंबरची जुनी ट्राम शहराभोवती फिरते आणि तिला तिकीट नाही. शहाण्णव नंबरने समुद्रावर जाता येतं, पण मधल्या एका ठरावीक स्टॉपच्या पुढे तिकीट लागतं. व्हिक्टोरिया मार्केट सोमवारी आणि बुधवारी बंद. हे सगळं ते असं सांगत, जसं कुणी आपल्या गावच्या एसटीचं वेळापत्रक सांगावं.

एकदा त्यांच्या दुकानात एक केरळी अकाउंटंट कोट शिवायला आला होता. तो मेलबर्नला तीन वर्षं राहून आलेला. समुद्रातल्या त्या प्रसिद्ध बारा खडकांबद्दल काहीतरी रंगवून सांगत होता. चाचांनी खडूने खूण करता करता शांतपणे हिंदीत सांगितलं, नाव बाराचं आहे, उभे सात-आठच आहेत, बाकीचे पडले. तो माणूस चाट पडला आणि मग जरासा चिडलाही. मी बाकावर बसून हसत होतो. आमच्या शुक्रवारच्या मंडळीत मी हा किस्सा नक्कल करून कितीदा सांगितला असेल! 'नजमातला मेलबर्नकर' असं मी त्यांचं नाव पाडलं होतं. लोक पोट धरून हसायचे. आज ते हसणं आठवलं की तोंडात कडू येतं.

जुलैमध्ये दोह्यात बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा चाचा जाड लोकरीच्या कापडाचा लहानसा फ्रॉक शिवताना मी बघितला होता. कोणाचा म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तिकडे आज नऊ डिग्री हाय. वारा वेगळा." मी हे पण विनोदात जमा केलं.

त्या घड्याळामागचं कारण मला फार उशिरा कळलं, आणि तेही मी मेलबर्नला जातो आहे म्हणून. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघांनी जायचं ठरवलं, तिकिटं काढली, आणि मी मुद्दाम दुकानात जाऊन जाहीर केलं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. चाचांनी मशीन थांबवलं. उठून बाहेर गेले, दोन चहा सांगून आले, आणि मग पहिल्यांदा बोलले.

त्यांची मुलगी सबीहा तिथे होती. मुंबईत शिकली, नोकरीला लागली, आणि घरी न विचारता एका बंगाली मुलाशी लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली. तिने लग्नाचं सांगायला फोन केला, तेव्हा चाचा म्हणाले होते, आजपासून मला मुलगी नाही. ते एक वाक्य. त्यानंतर सात वर्षं दोघं बोलले नव्हते. तिला मुलगी झाल्याची बातमी गावाहून बायकोने कळवली. नातीचं नाव झोया.

"फोन लावायचा की, चाचा," मी म्हटलं. मला काय जातं म्हणायला!

"लावला. दोनदा. तिने उचलला पण. माझ्या तोंडातून आवाजच निघाला नाय." ते टेपची गुंडाळी करत राहिले. "मला बोलायला येत नाय साहेब. शिवायला येतं."

आता सबीहाच्या आईने मध्ये पडून तिला तयार केलं होतं. अब्बांनी एक पार्सल पाठवलं, तर ते ती घेणार होती. सात वर्षांत तिने बापाला दिलेला हा पहिला होकार. कोणी विश्वासाचं माणूस जाणारं हवं होतं, आणि ते आपल्या पायांनी दुकानात चालत आलं होतं. मी म्हटलं, अहो, यात विचारायचं काय, द्या बिनधास्त. खरंच मनापासून म्हटलं होतं.

चार दिवसांनी त्यांनी मला माझा कार्यक्रम दिला. कापड बेतायच्या खाकी कागदाची लांब पट्टी, आणि तिच्यावर निळ्या पेन्सिलीने, सुवाच्य मराठीत, पाच दिवसांचं मेलबर्न. पहिल्या दिवशी पस्तीसची पूर्ण फेरी, उतरायचं नाही, नुसतं बघायचं. मग लायब्ररी, घुमटाखाली बसून वर बघायचं, बोलायचं नाही. भिंतींवर चित्रं काढलेली गल्ली सकाळी, गर्दीच्या आधी. मार्केटमध्ये गरम जॅम भरलेला डोनट, पण तोंड भाजतं, मुलीला थांबून द्या. समुद्रावरच्या रंगीत लाकडी खोल्या. पेंग्विन संध्याकाळी पाण्यातून वर येतात, तिथे फोटो काढायचा नाही. 'जाकीट रोज बरोबर. दिवसात चारदा हवा बदलते.' आणि दुसऱ्या दिवसापुढे, रेघ मारून: 'सकाळी अकरा. फ्लिंडर्स स्टेशन. पिवळी इमारत. पायऱ्यांवर, घड्याळांखाली. सबीहा आणि झोया.' त्या स्टेशनच्या दारावर घड्याळांची ओळ आहे आणि त्या शहरातले लोक भेटायचं झालं की तिथेच भेटतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं.

जायच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी चाचा पार्सल घेऊन आमच्या घरी आले. इथे आखातात एक रीत आहे. कोणाच्या हाती सामान पाठवायचं, तर ते उघडं आणायचं. नेणाऱ्यासमोर एक एक वस्तू काढून दाखवायची, तो बघतो, हात घालून चाचपतो, आणि मग त्याच्यासमोर बांधायचं. न बघता नेलेल्या सामानापायी माणसं तुरुंगात गेल्याच्या गोष्टी इथे सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, म्हणून यात कोणी कोणाचा अपमान मानत नाही. चाचांनी मांजरपाटाची पिशवी आणली होती, तोंड उघडं. कॉलरला सुई होतीच.

आमच्याकडे माझ्या ऑफिसातली तीन कुटुंबं जेवायला आलेली. टेबलावर पानं मांडलेली. चाचा दारातच चपला काढून उभे, आणि त्यांच्या कपड्यांना त्यांच्या खोलीचा वास. त्या खोलीत आठ जण राहायचे, गॅलरीत कोणाची ना कोणाची सुकी मासळी टांगलेली असायची. मेघनाने माझ्याकडे बघितलं. मी लगबगीने पुढे गेलो. चाचा पिशवीत हात घालणार, तोच मी तो धरला.

"अहो राहू द्या चाचा. विश्वास आहे."

"बघून घ्या साहेब. रीत हाय. खायचं काय नाय यात, तिकडच्या कस्टमचे कायदे मी वाचलेत."

"विश्वास आहे हो. शिवून टाका."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, माझ्या मोठेपणाने भारावले. मग दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर बसून त्यांनी पिशवीचं तोंड शिवलं, बारीक, एकसारखे टाके. आत पाहुण्यांची हसण्या-बोलण्याची गडबड चालू. मार्करने सबीहाचं नाव लिहिलं. जेवायला थांबा असं मी म्हटलं, पण ज्या सुरात म्हटलं त्याला कोण थांबेल? इन्शाल्ला परत आल्यावर, म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मला त्या पिशवीत बघायचं नव्हतं, एवढंच खरं. विश्वास वगैरे काही नाही. पाहुण्यांसमोर दारात बोंबील निघतील, या भीतीला मी विश्वास म्हटलं.

विमानात ऑस्ट्रेलियाच्या कस्टमचं कार्ड भरायला आलं. खाण्याचे पदार्थ आहेत का, प्राण्यांपासून केलेलं काही आहे का, खोटं सांगितल्यास दंड. मेघना म्हणाली, "त्यात नक्की सुकी मासळी आहे. कसली मऊ लागतेय बघ, आणि वास." मी हुंगलं. वास होता. उतरल्यावर रांगेत एका बाईची पर्स हुंगून कुत्रा बसला आणि दोन अधिकारी तिला बाजूला घेऊन गेले. खरं म्हणजे कार्डावर 'हो' लिहून पिशवी त्यांच्यापुढे ठेवली असती, तर त्यांनीच उसवून बघितली असती. फार तर अर्धा तास गेला असता. पण त्या 'हो'वाल्यांची रांग लांब होती, ईरा पेंगुळली होती, आणि बाजूलाच एक मोठी पेटी होती, आणलेले खाद्यपदार्थ इथे टाका म्हणून. मी टाकली. हलकी होती पिशवी. पेटीत पडताना आवाजसुद्धा आला नाही.

मग मोकळ्या हाताने सबीहाला तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न आला, आणि तो मी स्वतःला भली समजणाऱ्या माणसांच्या पद्धतीने सोडवला. म्हणजे टाळला. तिचा नंबर माझ्याकडे होता. येऊ शकत नाही, एवढं कळवायचंही सुचलं नाही; खोटं नाही बोलत, सुचलं, पण केलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही पस्तीस नंबरच्या ट्राममध्ये होतो, पहिल्या दिवशी राहिलेली फेरी करत. चाचांची पट्टी माझ्या खिशात. आदल्या दिवसापासून तिच्यातलं अक्षर न् अक्षर खरं निघत होतं, हवासुद्धा. ट्राम स्टेशनसमोर सिग्नलला थांबली. पिवळी इमारत, घुमट, कमानीखाली घड्याळांची ओळ. आणि पायऱ्यांवर एक डोक्यावर ओढणी घेतलेली मुलगी, हाताला धरलेली सहाएक वर्षांची पोर. पोरीचे दोन शेपटे, पायात पांढरे मोजे, कोणाकडे तरी पाहुणे म्हणून जायचं तशी तयार केलेली. सबीहाच्या हातात स्टीलचा डबा होता. आमच्यासाठी काहीतरी करून आणलं होतं तिने. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक भारतीय चेहऱ्याकडे ती बघत होती, ओळख दाखवावी की नाही अशा अर्धवट हसण्याने.

ईरा काचेला नाक लावून बसली होती. "पपा, दीज आर चाचाज क्लॉक्स! वी हॅव टू गेट डाउन हिअर, ना?"

"उद्या," मी म्हटलं.

ट्राम सुरू झाली. ईरा माझ्याकडे बघत राहिली. नऊ वर्षांच्या मुलीला बापाचं खोटं कळतं. तिने नंतर विचारलं नाही, हे मला विचारण्यापेक्षा जास्त लागलं. पुढचे तीन दिवस मी ते शहर खाली मान घालून बघितलं.

परत आल्यावर दोन आठवडे मी नजमाकडे फिरकलो नाही. शेवटी मेघनाचे ब्लाउज आणायचे म्हणून गेलो. चाचांनी मशीन थांबवून विचारलं, भेट झाली? मी म्हटलं, झाली की. छान आहेत दोघी.

"कुठला बसला तिला?"

मला कळेना.

"फ्रॉक," चाचा म्हणाले. "सहा होते ना. दर वाढदिवसाला एक शिवून ठेवत होतो. मोठा बसला असेल."

मी उभा होतो तो बाकावर बसलो. हलकी पिशवी. मऊ. तो वास सुक्या मासळीचा होता खरा, पण खोलीतून कापडात उतरलेला.

"मोठा," मी म्हटलं. जीभ आपोआप चालत होती. "मोठा बसला."

"बाह्या?"

"बरोबर."

चाचांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. आवाज चढवला नाही. "सबीहा सव्वा तास उभी होती, साहेब. तिच्या आईने सांगितलं. मी बोललो, ट्राम चुकली असेल त्यांची, नवीन माणसं हायत. सबीहा बोलली, अब्बांनी कोणाला पाठवलंच नव्हतं."

मी म्हटलं, कस्टमवाल्यांनी काढून घेतलं. इथवर येऊनही मी ते म्हटलं.

"कपडे नाय घेत ते लोक," चाचा म्हणाले. "मी वाचलंय."

मग मी सांगितलं. सगळं, पेटीपासून ट्रामपर्यंत. मासळी वाटली, म्हणालो. चाचांनी "मासळी" एवढा एकच शब्द परत उच्चारला, स्वतःशीच, आणि हातातली कैची बाजूला ठेवली. मी भरपाईचं काहीतरी बोलू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला. खलास, म्हणाले; इथल्या बोलीत म्हणजे पुरे. एकच काम सांगितलं: सबीहाला कळवा, अब्बांनी पाठवलं होतं. माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. मी हो म्हणालो, मेघनाचे ब्लाउज घेतले आणि बाहेर पडलो.

आणि कळवलं नाही. रोज संदेश लिहायचो. त्यात 'गैरसमज' यायचा, 'गडबडीत' यायचं, 'राहून गेलं' यायचं. 'मी फेकले' हे दोन शब्द लिहिले की अंगठा पुढे जायचा नाही. असे दीड-दोन महिने गेले. त्या काळात चाचांनी मला एकदाही विचारलं नाही. ईराचा स्कर्ट तेवढा वेळेवर, इस्त्री करून दिला.

मार्चमध्ये कळलं की चाचा कायमचे गावी निघालेत. डोळे दमले होते. एका सकाळी दहाच्या सुमाराला मी गेलो. दुकान निम्मं रिकामं, मशीन विकलेलं, पण घड्याळ भिंतीवर होतं, सहा दाखवत. काउंटरपाशी एक मराठी नर्स उभी होती, मिरजेची. तिला मेलबर्नच्या इस्पितळात नोकरी लागली होती. काउंटरवर मांजरपाटाची पिशवी, तोंड उघडं, आणि चाचा ती रिकामी करत होते.

सात फ्रॉक, सातवा येत्या वाढदिवसाचा. पहिला तळहाताएवढा, त्याच्या गळ्याशी चिमुकली झालर. मग चढत्या मापाचे. लोकरीचाही होता. मी न राहवून विचारलं, लहान मापांचे परत कशाला शिवलेत, आता होणार नाहीत तिला.

"घालायला नाय," चाचा म्हणाले. "सबीहाला कळायला पाहिजे, दर वर्षी शिवलेले."

नर्सला घाई होती, बाहेर टॅक्सी थांबलेली. ती हसून म्हणाली, "चाचा, राहू द्या ना, विश्वास आहे माझा."

"विश्वास राहू द्या बाई," चाचा म्हणाले. "बघून घ्या."

तिने एकेक फ्रॉक उचलून बघितला, खिशात बोट घातलं, ठेवला. सातवा ठेवून झाल्यावर चाचांनी तो गठ्ठा तसाच उचलला आणि माझ्यापुढे ठेवला.

"तुमीबी बघून घ्या, साहेब."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी बघितले, एक एक, सातही. आतल्या शिवणीसुद्धा दुमडून तुरपाई केलेल्या, कुठे दोरा लोंबत नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या फ्रॉकच्या बाहीत वाढवायला कापड दुमडून ठेवलं होतं. लाजेने माणूस मरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी तिथेच, काउंटरला टेकून, मोबाईल काढला. 'मी दोह्याहून. अब्बांनी डिसेंबरमध्ये झोयासाठी सहा फ्रॉक पाठवले होते. मी फेकले. त्या दिवशी ट्राममधून तुम्हाला बघितलं आणि उतरलो नाही. त्यांचा काही दोष नाही.' अंगठा दाबला. मोबाईल चाचांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं, मग घड्याळाकडे बघितलं.

"सहा वाजले. कामावरून येत असेल," म्हणाले. "ट्राममध्ये असेल आता."

कॉलरची पांढऱ्या दोऱ्याची सुई काढून त्यांनी पिशवीचं तोंड शिवायला घेतलं. टॅक्सीवाला बाहेरून 'यल्ला यल्ला', चला चला, करत होता, पण चाचांनी टाके मोठे केले नाहीत. माझ्या हातातल्या मोबाईलवर दोन खुणा निळ्या झाल्या. तिने वाचलं, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, शेवटची गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.